सहा पस्तीसची नोंद

प्रिय चिमटे,

कुरिअरच्या पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच परत धाडशील अशी मला धास्ती होती, म्हणून पत्ता तुझ्या वहिनीकडून लिहून घेतला. म्हणजे सात वर्षांनी पहिलं पत्र, आणि त्याची सुरुवातही लबाडीने. असो. फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मधेच राग आला तर उठ, चहा कर, पी, आणि पुन्हा वाचायला बस.

आज रविवार, दुपारचे तीन वाजलेत. तुझ्या वहिनीने खिडक्यांना ओल्या चादरी लावल्यात, पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलतोय आणि मी बनियनवर जेवणाच्या टेबलाशी बसलोय. मुद्द्याचं आधी सांगतो. सात वर्षांपूर्वी तुझ्या नोंदवहीतल्या वेळा खोट्या आहेत असं अहवालात लिहून मी त्याखाली सही केली. तुझी नोकरी गेली, आणि नोकरीपेक्षा मोठं म्हणजे तुझं नाव गेलं. त्या नोंदी खऱ्या होत्या. येत्या बुधवारी केंद्रात समिती बसतेय. तिच्यापुढे ते सिद्ध झालं तर तुझं नाव तुला परत मिळेल आणि एक भाताचं वाणही वाचेल. नाही झालं तर दोन्ही गेलं. कुठलं वाण, ते तुला कळलं असेलच. पण मला पहिल्यापासून लिहू दे. तुला माहीत असलेलंही लिहिणार आहे. एक तर समितीत एक कायदेवाल्या बाई आहेत, त्यांनी आयुष्यात भाताचं फूल पाहिलेलं नाही, त्यांना समजावण्याचा सराव होईल. आणि दुसरं, मला स्वतःला ते एकदा ओळीने लिहून बघायचंय.

तुला चिमटी म्हणायला लागलो तेव्हा तू चार वर्षांची होतीस. मारामारी केली की आई ओरडते हे तुला कळलं होतं, म्हणून तू चिमटे काढायचीस. दोन बोटांत एवढीशी कातडी धरायचीस की डोळ्यांत पाणी यायचं आणि दंडावर खूणसुद्धा दिसायची नाही. मी रडत आईकडे जायचो, आई म्हणायची दाखव कुठे काढला, आणि दाखवायला काही नसायचं. तेव्हाच तुझ्या बोटांत काहीतरी आहे हे ओळखायला हवं होतं मी. पुढे केंद्रात संकराच्या कामाला माणसं घ्यायची ठरली आणि तू अर्ज केलास. कायदेवाल्या बाईंसाठी सांगतो: भाताचं एक फूल म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं. त्याचं टोक कात्रीने छाटायचं, आतले सहा पुंकेसर चिमट्याने एकेक करून उचलायचे, मधल्या कोवळ्या भागाला जराही धक्का लागता कामा नये, आणि मग त्यावर दुसऱ्या रोपाचे पराग झटकायचे. परीक्षेत बाकीच्यांची आठ-नऊ फुलं झाली तेवढ्यात तुझी बावीस झाली होती. मी भाऊ म्हणून खोलीबाहेर उभा होतो. परीक्षक बाहेर येऊन म्हणाले, अहो, ही बाई श्वास तरी घेते का? मला इतका आनंद झाला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने तिथून सटकलो.

आणि मग मी तुझ्याशी वाईट वागायला लागलो. हेही लिहूनच टाकतो. साहेबांची बहीण, साहेबांची बहीण, अशी कुजबुज कानावर यायची. तिला तोंड देण्याऐवजी मी तुलाच ताणायला लागलो. बाकीच्यांना दहा मिनिटं उशीर चालायचा, तुला दोन नाही. केंद्रात तुला तुम्ही म्हणायचो, चहाला तुझ्या टेबलाशी कधी बसलो नाही. तू सगळ्यांसमोर हो साहेब म्हणायचीस आणि रविवारी केंद्राच्या आवारातल्या आमच्या क्वार्टरवर जेवायला आलीस की पहिल्यांदा दंडाला चिमटा काढायचीस. ते हो साहेबचं उट्टं. मला वाटायचं, चाललंय ते छान चाललंय.

मग कुसळ्या आला. जुन्या संग्रहातलं ते उंचाडं, काडीसारखं, लांब कुसळांचं रोप. दाणा बारीक, पीक नावाला, फुलांत पराग कधी सापडायचेच नाहीत. मी ते टाकून द्यायच्या यादीत घातलं होतं. तू म्हणालीस, याच्यात पराग नाहीतच असं नाही, आपण पोचायच्या आत ते फुलून मोकळं होतं. मी हसलो. माझ्या खोलीतल्या भिंतीवर तो तक्ता होता ना, माझा दहा वर्षांचा: भाताची फुलं सकाळी साडेनऊ ते अकरा या वेळात उघडतात. दहा वर्षं, शेकडो वाणं, एकही फूल साडेनऊच्या आधीचं नाही. तू त्या तक्त्यासमोर उभी राहून विचारलंस, दादा, आपली बस किती वाजता येते? (केंद्रात दादा म्हणालीस म्हणून मी तुला तिथेच टोकलं.) बस साडेआठला यायची. हजेरी, चहा, अवजारं काढणं, शेतात पोचायला नऊ वाजायचे. दहा वर्षांत एकाही माणसाने नऊच्या आधी फुलाकडे बघितलं नव्हतं, आणि आम्ही तक्ता करून मोकळे झालो होतो की नऊच्या आधी काही होतच नाही! इतका साधा प्रश्न, आणि तो चिमटा चालवणाऱ्या बाईला पडला, तक्ता करणाऱ्या साहेबाला नाही.

तू पहाटे फाटक उघडून मागितलंस. मी नियम दाखवला. पुढचं तुला माहीत आहे. शहरातल्या खोलीवरून सायकल मारत तू अंधार असतानाच यायचीस, पंपघरामागच्या कुंपणाच्या फटीतून आत शिरायचीस आणि जाळीच्या खोलीत काम करायचीस. खोलीची किल्ली तुझ्याकडेच असायची. असे अकरा दिवस. आमचं भरघोस वाण आई, कुसळ्या बाप. मग फटीतूनच बाहेर पडून साडेआठला सगळ्यांबरोबर फाटकातून पुन्हा हजर. आणि नोंदवहीत तू खरी वेळ लिहिलीस: सहा पस्तीस. फाटकावरच्या वहीत तू साडेआठला आत आलेली, आणि तुझ्या वहीत सहा पस्तीसला काम केलेली. कोणीतरी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि चौकशी लागली. अगं, खोटंच लिहायचं असतं तर तू दहा पस्तीस लिहिलं असतंस, कोणाच्या बापाला कळलं नसतं. जी वेळ लिहिल्याने पकडलं जाईल तीच वेळ खोटं बोलणारं माणूस कशाला लिहील? चौकशीच्या खोलीत आम्ही सहाजण शिकलेसवरलेले बसलो होतो. एकानेही हे विचारलं नाही. तू कुंपणाच्या फटीबद्दल सांगितलंस. अध्यक्षांनी विचारलं, कोणी पाहिलं का तुम्हाला? तू आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलंस. कोणी काही बोललं नाही. मग तू चिमटा टेबलावर ठेवलास आणि निघून गेलीस.

तुझी वहिनी तुझ्याशी फोनवर बोलते हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. स्वयंपाकघराचं दार लावून घेते आणि आतून दोघींचं हसणं ऐकू येतं. तुझं फोनमधून येतं तरी ओळखू येतं. मी बाहेर पेपर धरून बसतो. तू घड्याळाच्या दुकानात दुरुस्तीला बसतेस, डोळ्याला भिंग लावतेस, दोन मुलींना काम शिकवतेस, हे सगळं मला भाजी चिरता चिरता मिळतं. मी काही विचारत नाही आणि तीही मुद्दाम सांगतेय असं दाखवत नाही. माझं मनगटी घड्याळ गेल्या वर्षी बंद पडलं. दुरुस्तीला टाकतच नाहीये. टाकायचं तर तुझ्याकडे, आणि तेवढी छाती नाही.

आता इकडचं. तीन वर्षांपूर्वी बियाण्याच्या कोठीवरचे मामा निवृत्त झाले. जायच्या आदल्या दिवशी एक ट्रे घेऊन माझ्या खोलीत आले; म्हणाले, साहेब, एवढी पाकिटं माझ्या नावावर अडकलीत, नष्ट करायला सही द्या म्हणजे मी सुटलो. त्यात तुझं पाकीट होतं. अहवालात लिहिलं होतं की ते बियाणं नष्ट केलं. मामांनी केलंच नव्हतं, कारण नष्ट करायच्या अर्जाच्या तीन प्रती लागतात आणि मी दोनच पाठवल्या होत्या. तिसरी प्रत येईपर्यंत मामा थांबले. चार वर्षं थांबले! थंड कपाटात छत्तीस दाणे, वर तुझ्या अक्षरात आईचं नाव, बापाचं नाव, तारीख, सहा पस्तीस. मी मामांना म्हटलं, एवढं राहू द्या. ते म्हणाले, मग वहीत काय लिहू? मी म्हटलं, साहेबांनी नेलं असं लिहा. तुझ्या अक्षरावर नष्ट करा म्हणून सही करणं मला पुन्हा जमलं नाही, बस.

त्याच वर्षी उन्हाने कहर केला. दुपारच्या आधीच शेतात दोन बायकांना भोवळ आली, तेव्हा कामाची वेळ बदलली: पहाटे साडेपाचला सुरू, साडेदहाला बंद. तू मागितलं होतंस ते फाटक शेवटी उन्हानेच उघडलं. मी छत्तीस दाणे जाळीच्या खोलीत कुंड्यांत लावले, एकतीस उगवले. कोणाला काही सांगितलं नाही. फुलोरा आला त्या दिवशी सहा वाजून वीस मिनिटांनी मी कुंडीसमोर उभा होतो. तूस हळूच फाकलं. दोन्ही पाकळ्या कोणी आतून ढकलल्यासारख्या बाजूला झाल्या, सहा पिवळे पुंकेसर बाहेर आले, आणि जरा हात लागला तर धूर उडावा तसे पराग उडाले. एकामागून एक फूल. सव्वासातला सगळं पुन्हा मिटलेलं. नऊ वाजता कोणी आलं असतं तर त्याला वाटलं असतं, या रोपाला अजून फुलायचंय किंवा ते फुलणारच नाही. मी उपड्या बादलीवर बसलो आणि टोपी तोंडावर धरून रडलो. पंपवाल्याला वाटलं साहेबांना ऊन लागलं; त्याने बादलीभर पाणी आणून डोक्यावर ओतलं. सव्वासातला कुठलं ऊन! पण मी त्याला तसंच समजू दिलं.

बाई, तुम्ही विचाराल की फूल लवकर उघडलं तर एवढं काय झालं. (हे कायदेवाल्या बाईंना.) भाताला ऊन सोसतं, बऱ्यापैकी सोसतं. पण फूल उघडं असतं त्या तासाभरात हवा फार तापलेली असेल तर पराग सुकतात, दाणा धरतच नाही. लोंबी वरून छान दिसते, हातात घेतली की पोचट. त्यात पाणी कमी पडलं की रोपाला स्वतःला गार ठेवता येत नाही, ते आणखी तापतं. पूर्वी साडेनऊ-दहाला हवा ठीक असायची. आता नाही. आम्ही वर्षानुवर्षं ऊन सोसणारं रोप शोधत होतो. कुसळ्या ऊन सोसत नाही. तो उन्हाच्या आधी काम उरकून घेतो. तू नाही का, सकाळी सातच्या आत सगळी धुणीभांडी उरकून दिवसभर आमच्यावर मिजास करायचीस? अगदी तसा.

तीन वर्षांत पाच पिढ्या घेतल्या. कुसळं गेली, उंची कमी झाली, दाणा आईवर गेला, आणि पहाटे फुलायची खोड मात्र बापाची तेवढी राखली. हे निवडायला मी पहाटे पाचपासून उभा राहायचो, माझे गुडघे मला रोज तुझ्या नावाने शिव्या द्यायचे. यंदा कालव्याचं पाणी निम्म्यावर आलं, दोन पाळ्यांऐवजी एक. फुलोऱ्याच्या आठवड्यात सकाळी अकराला पारा बेचाळीसवर. माझं लाडकं वाण, ज्याच्यावर मी मोठा झालो, त्याच्या लोंबीत शंभरात अठरा दाणे भरले. शेजारच्याच वाफ्यात तुझ्या वाणाचे चौऱ्याहत्तर. मी तीनदा मोजले. मग टोपीवाल्या पर्यवेक्षकाला मोजायला लावले, तो माझ्यावर तसाही खार खाऊन असतो; त्याचेही चौऱ्याहत्तरच निघाले, आणि त्याने एवढंसं तोंड करून ते सांगितलं.

पाहणीला शेतकरी बोलावले होते. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आमच्या भाषणांकडे ढुंकूनही बघितलं नाही. सरळ वाफ्यात उतरल्या, एक लोंबी मुठीत दाबली, चार दाणे सोलून दाताखाली चावले. दोन वर्षं त्यांच्या शेतात नुसतं तूस निघालं होतं. मला विचारलं, हे कुणाचं? त्यांना कंपनी की सरकार असं विचारायचं असणार. मी म्हणालो, माझ्या बहिणीचं. त्या म्हणाल्या, मग तिला सांगा, पुढच्या हंगामाला मला लागेल. तू हे सगळं ऐकायला तिथे असायला हवी होतीस गं.

आणि इथेच घोडं अडलं. संचालक म्हणाले, वाण उत्तम, शेतकऱ्यांच्या शेतावर चाचणीला पाठवू, कागद आणा. कागद बघितल्यावर त्यांचा चेहरा पडला. ज्या बियाण्याची मूळ नोंद खोटी ठरली आहे ते किंवा त्याची पुढची कुठलीही पिढी केंद्राबाहेर जाऊ शकत नाही. नियम स्पष्ट आहे. असणारच, तुझ्या प्रकरणानंतर तो मीच लिहिलाय, स्वल्पविरामासकट. प्रयोगशाळेने तपासून सांगितलं की आई तीच, बाप तोच. पण हे काम कोणी, कुठल्या दिवशी, किती वाजता केलं हे कुठलीही प्रयोगशाळा सांगत नाही. मुळापासून पुन्हा संकर करायचा तर आणखी चार-पाच वर्षं. त्या म्हाताऱ्या बाई थांबतील का चार-पाच वर्षं? ऊन तर थांबणार नाही. म्हणून बुधवारची समिती. तिला एवढंच ठरवायचंय की सहा पस्तीसची ती नोंद खरी की खोटी. आणि कायदेवाल्या बाईंनी आधीच कळवलंय की फूल पहाटे उघडतं एवढ्याने नोंद खरी ठरत नाही. त्या सकाळी तुला तिथे बघितलेलं माणूस हवं.

त्याशिवाय एक खुशीची बातमी. पहाटेच्या संकराला नवी तुकडी केलीय, सहाजणी आहेत, हुशार आहेत, पण फूल जेमतेम पाऊण तास उघडं असतं आणि त्यांचे हात त्या वेळात पुरे पडत नाहीत. फुलं वाया जातात. संचालकांनी शिकवणाऱ्या माणसाची जागा मंजूर केलीय. मी तुझं नाव सुचवलेलं नाही. तुला न विचारता तुझ्याबद्दल काही लिहायचं मी सोडलंय. जागा आहे, एवढं सांगतो. घड्याळाचं दुकान तुला आवडतं असंही भाजी चिरताना कळलंय, तेव्हा ओढाताण करून घेऊ नकोस. गहू आणि ज्वारीच्या विभागातले लोकही येऊन विचारून गेले की त्यांच्या पिकांत असं एखादं लवकर उठणारं रोप कसं हुडकायचं. मी म्हटलं, आधी बसची वेळ बदला.

तुझ्या मनात केव्हाचं आलं असेल, की तीन वर्षांपूर्वी फूल उघडलेलं बघितलं तर हा माणूस तीन वर्षं गप्प का बसला. मी स्वतःला सांगत होतो, आधी पक्कं होऊ दे, आणखी एक पिढी होऊ दे, एकदा मोठं ऊन पडू दे. शास्त्रज्ञ माणसाला अशा सबबी अंगचुकारपणाच्या वाटत नाहीत, शिस्तीच्या वाटतात. खरं कारण भीती होती. फूल बघून मला कुठलीच नवी गोष्ट कळली नव्हती. चार वर्षं माहीत असलेलंच जवळून बघितलं मी.

आता ऐक. साक्षीदार आहे. त्या अकरा सकाळींपैकी तिसऱ्या सकाळी, पाकिटावर तारीख आहे त्याच सकाळी, तुझ्या वहिनीला बरं नव्हतं, म्हणून मी लवकर उठून चहा ठेवला आणि कप घेऊन मागच्या गॅलरीत आलो. तिथून पंपघर दिसतं, त्यावर रात्रभर दिवा असतो. तू सायकल आडवी टाकलीस, चिमटा दातांत धरलास आणि फटीतून आत शिरलीस. ओढणी तारेला अडकली ती सोडवायला दोनदा मागे आलीस. मग जाळीच्या खोलीतला दिवा लागला. मी अर्धा तास तुला काम करताना बघत उभा होतो, चिमटे. चहा गार झाला. मला तुझा इतका अभिमान वाटला की हाक मारावीशी वाटली, आणि मी मारली नाही, कारण हाक मारली असती तर मला माहीत होतं असं झालं असतं. दीड महिन्याने चौकशीच्या खोलीत अध्यक्षांनी विचारलं, कोणी पाहिलं का. तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा तुला काही माहीत नव्हतं, तू फक्त भावाकडे बघत होतीस. माझी बढती त्याच महिन्यात होती, तक्ता छापायला गेला होता, आणि बहिणीला चोरवाटेने येऊ दिलं असं लोक म्हणतील याची मला भीती वाटली. मी मान खाली घालून सही केली. माझी चूक झाली नव्हती. मी खोटं बोललो होतो. हे आज सकाळी मी तुझ्या वहिनीला सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, तिला आधी लिहा, त्याशिवाय तुम्हाला जेवायला वाढणार नाही. नऊ पानं झाली, अजून उपाशी आहे. बुधवारी मी हे सगळ्यांसमोर वाचणार आहे. वाण सुटेल, तुझं नाव सुटेल, माझी खुर्ची बहुतेक जाईल आणि जावीच. तू आलीस तर मला बरं वाटेल, नाही आलीस तरी मी वाचणारच आहे. पण ते समितीला कळायच्या आधी तुला कळायला हवं होतं, आणि दुसऱ्या कोणाकडून नाही, माझ्याकडून. मी तुला पाहिलं होतं, चिमटे.

तुझाच,
दादा